चित्राखालचं नाव

मंडळी, आज दुपारी धुळ्याहून माझी मैत्रीण निर्मला हिचा रडवेला फोन आला. तिने काढलेली केळीबागेची चित्रं कुठल्याही शाळेने मोफत वापरावीत, फक्त खाली तिचं नाव ठेवावं, एवढीच तिची अट. आज नातीच्या वर्गात तीच चित्रं नाव कापून आली. नात म्हणाली, "आजी, ही तर आमच्या मॅडमची आहेत!"

मॅडम माझ्या ओळखीच्या. जळगावहून मीच फोन लावला.

"अहो ताई, त्यांनी फुकटच दिली आहेत ना? मग नाव कशाला?"

"लग्नात आहेराचे डबेही फुकटच मिळाले ना? त्यांवर कोरलेली नावं घासून काढलीत?"

त्या हसल्या. "नाही हो. मामींचं नाव तर रोज डाळ काढताना दिसतं."

उद्या मॅडम वर्गात निर्मलाचं नाव सांगणार आहेत.

फुकट मिळालेल्या गोष्टीला देणारा नसतो, असं आपल्याला का वाटतं?