आईंच्या परातीतलं पिवळं पाणी

शहापूरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये डॉक्टरीणबाई आईंच्या पोटावर यंत्र फिरवत होत्या. फिरवता फिरवता त्यांचा हात एका जागी थांबला. पडद्यावरून नजर न काढता त्यांनी मला विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

"महिना होत आला."

"मग महिनाभर काय करत होता?"

आईच झोपल्या झोपल्या म्हणाल्या, "घरचंच औषध चालू होतं बाई. पाणी चांगलं पिवळं निघत होतं."

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेलं. स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी गाठ दिसत होती. स्वादुपिंड म्हणजे पॅनक्रियाज, जठराच्या मागे असतं. तिथली गाठ पित्ताची नळी दाबते, अडलेलं पित्त रक्तात उतरतं आणि माणूस पिवळा पडतो. "ही नेहमीची कावीळ नाही," त्या म्हणाल्या. "आज, उद्या, जमेल तितक्या लवकर सीटी स्कॅन करा."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वैशाखरे गावच्या. माझी तन्वी झाली तेव्हा सव्वा महिन्यासाठी म्हणून वाशिंदला आल्या आणि पंधरा वर्षं राहिल्या. मी कारखान्यात पॅकिंगला, नवरा कल्याणला नोकरीला. पोरीला सांभाळणार कोण? आईंनी गावच्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून आमच्या दोन खोल्यांत आल्या. आमच्या फ्लॅटला त्या कायम खुराडं म्हणायच्या. पण त्याच खुराड्यात तन्वीला त्यांनी चालायला शिकवलं, शाळेत पोचवलं, तापात मांडीवर घेऊन बसल्या. तन्वी मला आई म्हणते ती नावाची. लागलं खुपलं की हाक आजीलाच.

गावाहून येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या. एक नाचणी दळायचं जातं, जे आमच्या गॅलरीत कधी फिरलंच नाही. दुसरी काविळीची विद्या.

टोकावडे, वैशाखऱ्याकडची माणसं कावीळ उतरवून घ्यायला आईंकडे यायची. वाशिंदला आल्यावर इथेही यायला लागली. रविवारी सकाळी, उपाशीपोटी. आई आंब्याची अंतरसाल ठेचून तिचा रस रोग्याच्या कोपरापर्यंत चोळायच्या, मग परातीतल्या चुन्याच्या निवळीत त्याचे हात धुवायच्या. पाणी पिवळंजर्द व्हायचं. ती अंगातली कावीळ. असे तीन रविवार, आणि तेल-तूप, हळद बंद. आई कुणाकडून सुपारीसुद्धा घेत नसत.

त्यांच्या आईने घालून दिलेले दोन नियम त्या फार कडक पाळायच्या. विद्या स्वतःवर चालवायची नाही आणि बऱ्या माणसावर गंमत म्हणून करायची नाही. हे नियम लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

मी दहावी पास आहे, अडाणी नाही. पण माझ्या नवऱ्याची कावीळ लग्नानंतर आईंनीच उतरवली होती. माझ्या डोळ्यांदेखत तो महिन्याभरात टुणटुणीत झाला. तशी कावीळ बहुतेक वेळा आराम केला की आपोआप बरी होते, हे मला आता कळलंय.

म्हणून आईंचे डोळे पिवळे दिसले तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही. उलट मी त्यांची थट्टाच केली, "डॉक्टरच आजारी पडला की हो!" नियमाप्रमाणे त्यांना स्वतःचे हात धुता येईनात. मग त्या सांगतील तसे मी धुतले. साल मी ठेचली, रस मी चोळला, परात मी धरली. पहिल्या रविवारी पाणी पिवळं. दुसऱ्या रविवारी पिवळं. तिसऱ्या रविवारी तर आई खूश होऊन म्हणाल्या, "निघतेय गो सुनंदा, सगळी निघतेय."

त्या दिवसांत आईंच्या अंगाला खाज सुटली होती. रात्रंदिवस त्या पाठ खाजवायच्या. लघवी काळ्या चहासारखी आणि शौच मातकट, पांढरट. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. दुखत मात्र काही नव्हतं, आणि आम्ही त्यालाच चांगलं लक्षण समजलो. तुमच्या घरी असं दिसलं, दुखत नसलं तरी, एक दिवस थांबू नका. हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट घेऊन आम्ही मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या बाकावर आई नाचणीच्या भाकरीचं फडकं सोडून बसायच्या आणि शेजारच्या अनोळखी बाईला अर्धी मोडून द्यायच्या. स्वतः खायच्या नाहीत, वासच सहन होत नव्हता.

बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, अठराच्या वर गेला होता, एरवी तो एकच्या आसपास असतो. आधी ईआरसीपी केली. तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत स्टेंट म्हणजे छोटी नळी बसवतात, अडलेलं पित्त वाहतं होतं. चार दिवसांत खाज थांबली, डोळे निवळायला लागले. मला वाटलं, जिंकलो.

मग सर्जन भेटले. तरुण होते, सावकाश बोलायचे. "गाठ मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली आहे. यकृतातही ठिपके आहेत, म्हणजे कॅन्सर पसरला आहे. ऑपरेशन करता येणार नाही."

मी विचारलं, "महिनाभर आधी आलो असतो तर?"

ते म्हणाले, "कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित पडला असता. मी खोटं सांगणार नाही, मला माहीत नाही."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हे माहीत नसणं मी अजून वागवतेय.

केमोथेरपीच्या पहिल्याच खेपेला आई इतक्या खचल्या की त्यांनी हात जोडले. आम्ही त्यांना घरी आणलं. काही दिवसांनी त्या म्हणाल्या, "सुनंदा, विद्या माझ्याबरोबर जायला नको. तू नीट शिकून घे."

शिकवायला रोगी हवा. एरवी त्यांनी रोग्याची वाट पाहिली असती, पण आता तेवढे दिवस कुठे होते? "तुझ्याच हातावर कर," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला. दुपारची वेळ. मी साल ठेचली, रस हातांना चोळला, परातीत हात घातले.

पाणी पिवळं झालं. अगदी तसंच, पिवळंजर्द.

आई उशीला टेकून बघत होत्या. आधी त्या घाबरल्या. मला जवळ ओढून माझी पापणी खाली केली. "तुला पण झाली का गो?"

"नाही आई. मला काही झालेलं नाही."

त्यांनी परातीकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे, परत परातीकडे. सालीचा रस चुन्याला लागला की पाणी पिवळं होतंच, हे मला त्याच क्षणी उमगलं. ते त्यांना सांगायची वेळच आली नाही. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं मी काय करत होते गो?"

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "तुमी कुणाचं वाईट नाही केलं." खरं तर मला ते माहीत नव्हतं, त्या सर्जनसारखंच. पण त्या डॉक्टरांइतकी मी खरी नाही.

त्या रविवारी टोकावड्याहून एक जोडपं आलं. बाई विशीतली, डोळे हळदीसारखे. मी दारातूनच परत लावणार होते, पण आईंनी आतून ऐकलं. त्यांना उठवत नव्हतं. मुलीला खाटेपाशी बोलावून तिचे डोळे पाहिले आणि तिच्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी काय नाय करत आता. हिला शहापूरला ने. रक्त तपास, पोटाचा फोटो काढ. आजच. उद्या नाय." तो घुटमळला तर माझ्या नवऱ्याला हाक मारली, "तू जा रे यांच्याबरोबर. हे परस्पर घरी जातील."

तिची साधीच कावीळ निघाली. पंधरा दिवसांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला, "आजींचा हातगुण! बायको बरी झाली." मी फोन आईंच्या कानाला लावला. आवाज उरलाच नव्हता त्यांचा. मानेनेच त्या नाही नाही म्हणत राहिल्या आणि मग मला खुणेने जवळ बोलावून कानात पुटपुटल्या, "त्यांना सांग गो, मी काय नाय केलं."

हे त्यांचं मला कळलेलं शेवटचं वाक्य. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. गावच्या घराची किल्ली तोवर कमरेलाच होती. ती तन्वीने काढून घेतली, मला देत नाही.

रविवारी अजून माणसं येतात. आई गेल्या म्हटलं की विचारतात, सुनेला येतं का? मी आधी डोळे बघते. मग चप्पल घालते आणि त्यांच्याबरोबर शहापूरला जाते. आमचे तीन रविवार गेले ते गेले.