सहा हजार काय?

काशिमिऱ्याला हायवेवर बसमधून उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. सोलापूरपासून बसून पाय सुजले होते आणि हातातल्या पिशवीत शेंगाचटणीच्या डब्याचं झाकण सैल झालं होतं. समोर माझा आतेभाऊ विलास उभा होता. विलास बावीस वर्षं विमानतळावर विमानांत इंधन भरायचं काम करतोय. आमच्या नातेवाइकांत त्याची ओळख 'विमानात असतो' अशी करून देतात. ऐकणारे त्याला पायलट समजतात, आणि आम्ही ते दुरुस्त करत नाही.

शुक्रवार असून तो घरी कसा, असं मी रिक्षात विचारलं. "सुट्टी घेतलीय, ताई," तो म्हणाला आणि बाहेर बघायला लागला.

त्याचं घर हाटकेशमध्ये आहे. रस्त्याच्या एका बाजूला सात मजली इमारती आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याचे गाळे. कुठे स्टीलचे डबे ठोकतात, कुठे प्लास्टिकची झाकणं निघतात. घरात गेल्यावर विलासनं मला पाणी आणलं, पण देण्याआधी ग्लास खिडकीच्या उजेडात धरून नीट बघितला. इंधन भरण्याआधी ते काचेच्या बरणीत थोडं काढून असंच बघतात म्हणे, तळाला पाणी किंवा कचरा नाही ना म्हणून. त्याची बायको मेधा म्हणाली, की लग्नाच्या पंगतीत हा मठ्ठाही असाच बघतो आणि वाढपी न बोलता ग्लास बदलून देतात.

खरी गोष्ट मेधानंच स्वयंपाकघरात सांगितली. सुट्टी वगैरे काही नव्हती. आठ दिवसांपूर्वी विलासमुळे एक विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं होतं. विमानाच्या कंपनीनं तक्रार केली, साहेबांनी त्याला घरी बसवलं, आणि सोमवारी चौकशी होती. नोकरीचं काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी गॅलरीत चहा घेताना मी विषय काढला. विलासला जणू कुणीतरी विचारायलाच हवं होतं. त्यानं सांगितलं ते असं. विमानाच्या कंपनीचा माणूस घाईत आला आणि म्हणाला, "सहा हजार टाक." विलासनं सहा हजार लिटर भरलं. मग सहीला कागद आला, त्यावर लिहिलं होतं सहा हजार किलो. आता हे इंधन पाण्याहून हलकं. लिटरभर घेतलं तर वजन भरतं आठशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे विमानात हजार-बाराशे किलो कमी पडलं होतं. विलासनं सही करायला नकार दिला. तो माणूस म्हणाला, "अरे, सहा हजार इकडे पण लिहिलंय, सहा हजार तिकडे पण. सही कर ना."

मी विचारलं, पायलटला समोरच्या काट्यावर कमी दिसलं नसतं का?

"दिसलं असतं," विलास म्हणाला. "पण त्याला दिसेल म्हणून मी सही करून मोकळं व्हायचं का?"

मला माझ्या भावाचा फार अभिमान वाटला. मग मी सहज विचारलं, की तो सहा हजार म्हणाला तेव्हाच तू लिटर की किलो ते का नाही विचारलंस? विलासनं कप खाली ठेवला. सांगणं त्या माणसाचं काम होतं, म्हणाला. हे त्यानं तीनदा सांगितलं. मेधानं मला खुणेनं गप्प केलं. घरात आठ दिवस हाच प्रश्न कुणी विचारायचा नाही, असं ठरलेलं होतं.

रविवारी मला समुद्र दाखवायला पालीला न्यायचं ठरलं. पाली हे उत्तनजवळचं कोळ्यांचं गाव. तिथे विलासचा मित्र मायकल राहतो, त्याची स्वतःची बोट आहे. जेवण त्याच्याकडेच होतं. मी पाहुणी म्हणून मेधानं तिच्या भावाची गाडी मागून आणली होती. विलासची जुनी गाडी पेट्रोलवर चालायची, ही डिझेलची. निघताना मेधानं ते त्याला दोनदा सांगितलं आणि विलासनं बावीस वर्षांच्या अनुभवाला शोभेल असं तिच्याकडे बघितलं.

भाईंदरच्या पंपावर आम्ही थांबलो. विलास मला तेव्हा विमानात भलतंच इंधन जाऊ नये म्हणून काय काय करतात ते समजावत होता. छोट्या विमानांचं इंधन वेगळं, मोठ्यांचं वेगळं. नळीचं तोंडसुद्धा वेगळ्या आकाराचं ठेवतात, म्हणजे चुकून घालायचं म्हटलं तरी जात नाही. तो हातांनी तोंडाचा आकार दाखवत असताना पंपवाला खिडकीशी वाकून म्हणाला, "पेट्रोल ना, साहब?" विलासनं मान हलवली, "हां, फुल करो," म्हणाला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. मी आणि मेधा, दोघीही तन्मयतेनं ऐकत होतो.

पावती हातात आल्यावर विलास थांबला. किल्ली फिरवायला गेलेला हात त्यानं मागे घेतला. मग किल्ली काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सगळे खाली उतरा. गाडी ढकलायची आहे."

मागे वीसेक स्कूटर आणि रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. सुरू न झालेल्या इंजिनात पेट्रोल पोचलेलं नसतं, टाकी रिकामी केली की झालं, हे त्यानं ढकलता ढकलता सांगितलं. ते मला पटलं, पण माझ्या एका चपलेचा अंगठा तेव्हाच तुटला होता. पंपवाला पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मैंने पूछा था, साहब." विलास त्याला म्हणाला, "हां भाई, तूने पूछा था." जवळच्या गॅरेजवाल्यानं संध्याकाळपर्यंत टाकी साफ करून द्यायचं कबूल केलं आणि आम्ही रिक्षानं पालीला गेलो.

गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून स्कूटर आली की एकानं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. पुढे समुद्र, आणि वाळूवर वलांड्यांवर (मासे वाळत घालायच्या बांबूच्या मांडणीवर) बोंबील ओळीनं लटकलेले. वास पहिली पाच मिनिटं सहन होत नाही, मग भूक लागते. मायकलच्या घरी ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. विलासनं अर्धी.

मेधानं पंपावरची हकिकत सांगितली तेव्हा मायकल हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "इंजिन चालू केलंस? न्हाय ना? मंग काय बिघडलं न्हाय."

त्याची बायको फिलोमिना मात्र म्हणाली, की ती रोज बोट निघताना नवऱ्याला डिझेल बघितलंस का विचारते. तो रोज चिडतो आणि तरी रोज पुन्हा जाऊन काठी बुडवून बघतो. मी विचारलं, एवढ्या वर्षांच्या माणसाला रोज काय विचारायचं?

"दर्यात पंप न्हाय हाय," फिलोमिना म्हणाली आणि मला तिसरी भाकरी वाढली.

विलास ताटाकडे बघत बसला होता. थोड्या वेळानं त्यानंही भाकरी मागून घेतली.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मेधानं त्या दिवशी एकच डाळ दोनदा फोडणीला टाकली. संध्याकाळी चारला तो आला, पंख्याखाली बसला आणि सांगू लागला. टेबलामागे तिघे होते. आठ दिवस पाठ केलेलं भाषण त्याला तयार होतं, सांगणं कुणाचं काम ते पटवून देणारं. पण त्यांनी पहिलाच प्रश्न मी गॅलरीत विचारलेला विचारला, तेव्हा तो म्हणाला, "सही थांबवली ते बरोबर केलं. पण 'सहा हजार काय?' हे मी आधीच विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर विमान वेळेवर सुटलं असतं." मग कुणी न विचारता त्यानं पंपाचीही गोष्ट सांगितली. मधले साहेब बराच वेळ खोकत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं, असा विलासचा अंदाज.

त्याला एक ताकीद मिळाली आणि बुधवारपासून कामावर यायला सांगितलं. आता नव्या लोकांना लिटर-किलोचा धडा तोच देणार आहे. मेधाच्या भावाला गाडी परत करताना विलासनं स्वतःहून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या भावानं टाकीच्या झाकणावर लाल रंगानं एवढं मोठं 'डिझेल' लिहून घेतलं.

मंगळवारच्या बसनं मी परत निघाले. विमानं कशावर उडतात हे मला आधी माहीत नव्हतं, आणि आताही फक्त हलकं असतं एवढंच कळलंय. पण चूक अर्ध्यावर थांबवून, 'यातली एवढी माझी' असं टेबलापलीकडच्या तिघांना सांगायला काय लागतं, ते पुण्यापर्यंत मी मोजून बघत होते. माझ्या हिशेबात कबूल न केलेलं बरंच काही साठलेलं निघालं. त्यातल्या त्यात लहान होतं ते निवडलं.

घरी पोचल्यावर चहा झाला, पालीहून आणलेली सुकट ह्यांच्या हाती दिली, आणि सांगून टाकलं, की तुमचा रेडिओ मांजरानं पाडला नव्हता, पुसताना माझ्या हातून पडला होता.

हे चष्मा काढून म्हणाले, "आठ वर्षं मी त्या मांजराला बोलतोय." आणि उठून, पिशवीतली थोडी सुकट बशीत घेऊन मागच्या दारी गेले.