मधल्या काकांचं मत

समोरच्याचं बोलून झालं, की मधले काका डोक्यावरची टोपी काढत, तिच्यात नीट डोकावून बघत आणि पुन्हा डोक्यावर ठेवत. मग म्हणत, "मानलं, साहेब. पन मग मी हाय कुठं?"

हा प्रश्न त्यांनी तलाठ्याला विचारला, दोन गावांच्या सरपंचांना विचारला, वसईच्या कचेरीतल्या कारकुनाला विचारला आणि तिथल्या पट्टेवाल्यालाही विचारला. सरळ उत्तर एकट्या पट्टेवाल्यानं दिलं. तो म्हणाला, "दारात आहात. जरा बाजूला व्हा."

तुम्हाला वाटेल, माणूस वेदान्ती असावा. छे! त्यांना मतदार यादीत नाव घालायचं होतं, एवढंच.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी जूचंद्रच्या पलीकडे आंबेपाड्याच्या शाळेत मास्तर होतो, आणि यादीचं काम तेव्हाही मास्तरांच्याच गळ्यात असायचं. आंबेपाडा आणि खारवाडी या दोन गावांच्या मधे भातशेतीचा सखल पट्टा होता. त्या पट्ट्यात, जरा उंचवट्यावर, एकच कौलारू घर. ते काकांचं. आधी ते खारवाडीत भावाबरोबर राहायचे. भाऊ वेगळे झाले, काकांच्या वाट्याला हा तुकडा आला, त्यांनी त्यावर घर बांधलं. खारवाडीच्या यादीतून नवरा-बायको दोघांची नावं 'गाव सोडून गेले' म्हणून निघाली, ती दुसऱ्या कुठल्या यादीत चढलीच नाहीत. घर नेमकं शिवेवर होतं. लोक त्यांना मधले काका म्हणू लागले, बायकोला मधली काकी.

उन्हाळ्यात मिठागर, पावसाळ्यात शेत, असं त्यांचं चाललेलं. माणूस धिप्पाड. आवाज असा, की ते बैलाशी बोलत असले तरी आम्हाला शाळेत वाटायचं, आपल्यालाच हाक मारतायत.

निवडणूक आली की मात्र त्यांचा चेहरा पडायचा. उमेदवाराची जीप आंबेपाड्याच्या शेवटच्या घरापर्यंत यायची आणि तिथून वळायची. खारवाडीकडूनही तसंच. काका धुतलेला सदरा घालून ओटीवर बसलेले असायचे, काकींनी कोकमाचं सरबत करून ठेवलेलं असायचं. शेवटी ते दोघांनाच प्यावं लागायचं.

"गुरजी," ते एकदा शाळेत येऊन म्हणाले, "मला रस्ता नको, दिव्याचा खांब नको. एकानं तरी दारात येऊन हात जोडावे. घरात कुत्रा पाळलाय, तो बिचारा भुंकनार कोनावर?"

मी त्यांचा नमुना सहाचा अर्ज भरून दिला आणि तलाठ्याकडे घेऊन गेलो. तलाठ्यानं नकाशा पसरला. घराच्या अंगावरूनच शिवेची रेघ गेली होती. "जमीन खारवाडीकडे जास्त आहे," तो म्हणाला. तिथे आलेले खारवाडीचे मास्तर म्हणाले, "पण दार आंबेपाड्याकडे उघडतं." काकांनी टोपीत पाहिलं. "मानलं. मागचं दार खारवाडीकडं उघडतं. मग आता?"

मग आता रहिवासाचा दाखला. आंबेपाड्याच्या सरपंचांनी विचार केला, दाखला दिला तर उद्या हा खांब मागेल. त्यांनी प्रेमानं काकांना खारवाडीला पाठवलं. खारवाडीच्या सरपंचांनीही तोच विचार केला आणि चहा पाजून परत पाठवलं. चहा चांगला होता, असं काकांनी मुद्दाम सांगितलं.

शेवटी आम्ही दोघं वसईला कचेरीत गेलो. काकांनी रेशनकार्ड पुढे केलं. त्यावर कुणा प्रामाणिक माणसानं पत्ता लिहिला होता: 'दोन्ही गावांच्या मधे'.

कारकुनानं तालुक्यातल्या गावांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "मधे नावाचं गाव आपल्याकडे नाही."

"नसू दे," काका म्हणाले. "पन मी तर हाय ना?"

"आहात, पण पुरावा पाहिजे."

"कशाचा?"

"असण्याचा."

काकांनी टोपी काढली. बराच वेळ आत पाहिलं. मग एकदम त्यांनी अशी खणखणीत शिंक दिली, की टेबलावरचे कागद उडाले आणि आतल्या खोलीतून नायब तहसीलदार बाहेर आले. सगळी हकिकत ऐकून ते हसले. म्हणाले, "माणूस सहसा जिथं झोपतो तिथला तो रहिवासी. मी येऊन बघतो."

आणि ते खरंच आले. काकींनी घर सारवून काढलं होतं. तलाठी नकाशा आणि फीत घेऊन आला, दोन्ही सरपंच आले, आंबेपाड्याची निम्मी पोरं आली. कुत्र्याला इतक्या माणसांची सवय नव्हती. तो जाऊन चुलीमागे बसला.

"तुम्ही झोपता कुठे?" साहेबांनी विचारलं.

"इथं, ओटीवर."

"दाखवा बरं झोपून. डोकं कुठे, पाय कुठे, ते तलाठ्यांना कळू दे."

काका पथारीवर आडवे झाले. उन्हातून आले होते, वारा छान सुटला होता. तलाठ्यानं फीत धरली तोवर काका घोरायला लागले. साधंसुधं घोरणं नव्हे. कौलं थरथरत होती, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल मास्तर वाढवून सांगतोय, पण साहेब दोन पावलं मागे सरकले हे मी स्वतः पाहिलं.

"ओटी पूर्ण आंबेपाड्यात," तलाठी ओरडून म्हणाला. ओरडल्याशिवाय ऐकूच जात नव्हतं.

"चला, सुटला प्रश्न. दोघांची नावं आंबेपाड्यात घाला," साहेब म्हणाले.

तेवढ्यात काकी पदर सावरत दारात आल्या. "दोघांची कशी, साहेब? मी नाय झोपत हितं. ह्या आवाजात कोन झोपेल? मी आत, चुलीच्या खोलीत झोपते."

आता आली पंचाईत. फीत आत गेली. चुलीची खोली खारवाडीत निघाली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. तलाठी म्हणाला, "बाई, घटकाभर म्हणा ना ओटीवर झोपते म्हणून."

"खोटं लिवायचं?" काकी म्हणाल्या. "सरकारी कागदावर?"

साहेब जरा वेळ ओटीवर टेकले, सरबत प्यायले आणि त्यांनी निर्णय दिला. यादी निघाली तेव्हा नवरा आंबेपाड्याचा मतदार होता आणि बायको खारवाडीची. काकांना उठवून हे सांगितलं, तेव्हा डोळे चोळत ते म्हणाले, "म्हंजे, काडीमोड झाला काय?"

पुढच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्या घराचं नशीब उघडलं. दोन्ही गावांत मतदान एकाच दिवशी होतं. आंबेपाड्याचे उमेदवार पुढच्या दारानं येत, खारवाडीचे मागच्या. खारवाडीचा एक तरुण उमेदवार गडबडीत पुढून आला आणि काकांच्या पायांवर पडला. काकांनी त्याला हलकेच उठवलं. "पोरा, हे पाय आंबेपाड्याचे. खारवाडीचे पाय चुलीपाशी हायत. आत जा." भुंकून भुंकून कुत्र्याचा घसा बसला. काका इतके खूश होते, की ज्यांनी हात जोडले त्या सगळ्यांना त्यांनी मत कबूल केलं.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक खारवाडीच्या केंद्रावर होती. काका सकाळीच आंबेपाड्यात मत देऊन आले आणि काकींना घेऊन इकडे हजर झाले. काकींनी लग्नातलं लुगडं काढलं होतं. काका त्यांच्याबरोबर आत शिरू लागले, तसं शिपायानं अडवलं.

"बायको हाय माझी!"

"असेल. पण मतदार खारवाडीची आहे. बाहेर थांबा."

काका बाहेर चिंचेखाली जाऊन बसले. काकींनी बोटाला शाई लावून घेतली, कागद घेतला आणि त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. इतका वेळ गेला, की मला वाटलं, घाबरल्या बहुतेक. बाहेर आल्या तेव्हा मात्र चेहरा असा, की जणू घर बांधून आल्या. पेटीत कागद टाकून त्यांनी पेटीला नमस्कारही केला.

मी पाणी प्यायला बाहेर आलो होतो. काकी केंद्रातून बाहेर पडताच काका त्यांच्याकडे धावत आले. "कोनाला दिलंस?"

"नाय सांगनार. गुप्त असतं ते. गुरजींनी सांगितलंय."

"अगं, मी माझं तुला सांगितलं ना!"

"मी विचारलं होतं?"

आणि त्या बांधावरून घराकडे निघाल्या. पुढे ताठ मानेनं काकी, मागे तो धिप्पाड माणूस. "निशानी तरी सांग. बैल होता काय? झाड होतं काय?" तो आवाज शेतं ओलांडून कितीतरी वेळ माझ्या कानावर येत होता.

माझी पुढे बदली झाली. काही वर्षांनी काका गेल्याचं कळलं आणि मी भेटायला गेलो. वालीव-सातिवलीकडे कारखाने उभे राहत होते, रस्त्यावर ट्रकची ये-जा वाढली होती. त्या घराला आता वीजही आली होती. काकी एकट्याच ओटीवर बसल्या होत्या. काकांच्या खूप गोष्टी निघाल्या, दोघंही हसलो. हसता हसता मी विचारलं, "काकी, मत कुणाला दिलं ते त्यांना सांगितलंत की नाही कधी?"

"नाय," काकी म्हणाल्या. "सांगितलं असतं तर विचारलं असतं काय त्यांनी पुन्हा? रोज जेवायला बसले की विचारायचे. शेवटी शेवटी इसरायचे, तर मीच म्हनायचे, आज विचारलं नाय तुम्ही."

मग म्हणाल्या, "काल ताट वाढून घेतलं, आन् उगाच थांबून राहिले."