एकच दाखला, वेगवेगळे गुण

“देश घसरला तर घसरला,” नागेश सर म्हणाले. “आपण थर्मामीटर आहोत वसुधा, डॉक्टर नाही.”

नागेश सर आमच्या संस्थेचे प्रमुख. ऑफिस बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये. खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही. आमचं काम सांगितलं की नातेवाईक गोंधळतात. वेगवेगळ्या देशांतला सरकारी कारभार किती चांगला चालतो ते आम्ही मोजतो आणि देशांची तुलना करतो. दाखला वेळेत मिळतो का, लाच मागतात का, तक्रार केली तर कुणी ऐकतं का, अशा सगळ्याचा मिळून प्रत्येक देशाला एक आकडा. त्याला इंडेक्स म्हणतात. त्यातलं स्टॅटिस्टिक्स माझ्याकडे.

घसरलेला तो समुद्रकाठचा एक छोटा देश होता. करारामुळे नाव सांगता येत नाही. दरवर्षी यादीच्या मध्यावर असायचा, यंदा जवळजवळ तळाशी. एरवी मीही पुढच्या देशाकडे वळले असते. पण आमचा इंडेक्स वापरणारा एक परदेशी ट्रस्ट तिथल्या खेड्यांतल्या नर्सेसना ट्रेनिंग देत होता. त्यांचा नियम असा, की देश ठरावीक रेषेखाली गेला की तिथला प्रोग्रॅम बंद. आणि हा देश रेषेखाली गेला होता.

मी आधी आमचीच चूक शोधली. डेटा भरताना गडबड झाली का? नाही. सर्वे फक्त एकाच भागात झाला का? नाही. मग एक गोष्ट लक्षात आली. आम्ही दोन प्रकारे माहिती घेतो. वकील, प्राध्यापक, पत्रकार अशा जाणकारांना विचारतो, आणि साध्या नागरिकांनाही. जाणकारांचे गुण होते तिथेच होते. नागरिकांनी मात्र आपल्या ऑफिसांना सपाटून नापास केलं होतं.

तिथला सर्वे जोसेफ नावाचे प्राध्यापक बघायचे. त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

“तुमच्याकडे काही बिनसलंय का?”

ते हसले. “उलट आहे मॅडम. सरकारने नवा कायदा केला. कुठला दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे, याची पाटी प्रत्येक ऑफिसात लावली. रेडिओवर रोज सांगतात. पूर्वी लोक दिवसभर बसायचे आणि कागद मिळाला की आभार मानून घरी जायचे. आता लवकर मिळतो, तरी भांडतात.”

“लवकर मिळतो हे कशावरून?”

“माझ्या बहिणीला मिळाला.”

एका बहिणीवर इंडेक्स ठरवता येत नाही. पण मुद्दा डोक्यात राहिला.

त्या रविवारी शहराबाहेर आनेकलला अण्णाकडे जेवायला गेले. अण्णा माझा थोरला भाऊ, तिथे हार्डवेअरचं दुकान चालवतो. त्याची मुलगी रेवा व्हाइटफील्डला एका आयटी कंपनीत आहे. जेवताना मी म्हटलं, “एक गोष्ट सांगते, तुम्ही गुण द्या. एक बाई मुलाच्या जन्मदाखल्यासाठी ऑफिसात गेली. तीन फेऱ्या माराव्या लागल्या. लाच कुणी मागितली नाही. कारकून नीट बोलला. तिसऱ्या फेरीला दाखला मिळाला. ऑफिसला दहापैकी किती?”

“नऊ,” अण्णा म्हणाला. “लाच नाही, वर नीट बोलला! अजून काय पाहिजे?”

“दोन,” रेवा म्हणाली. “तीन फेऱ्या म्हणजे तीन सुट्ट्या, अण्णा. हे ऑनलाइन का नाही?”

“दहातला एक गुण तरी कशाला कापलास?” वहिनीने विचारलं.

“स्वल्प उशीर झाला ना.”

मग बापलेकीची जुंपली. माझं लक्ष भातावरून उडालं होतं. गोष्ट एकच, ऑफिस एकच, गुण नऊ आणि दोन. एकाच घरात हे होत असेल तर दोन देशांत काय होत असेल?

यावर आमच्या धंद्यात इलाज आहे. सर्वेत लोकांना स्वतःच्या ऑफिसबद्दल विचारायचंच, पण सोबत अशी एक काल्पनिक गोष्टही ऐकवायची आणि तिलाही गुण द्यायला सांगायचं. गोष्ट सगळ्यांना सारखीच. त्यामुळे कोण हात सैल सोडून गुण देतो आणि कोण आखडून, ते कळतं. मग स्वतःचं ऑफिस त्या गोष्टीतल्या ऑफिसपेक्षा बरं की वाईट, एवढंच बघायचं. खर्च आणि वेळ जातो म्हणून आम्ही ते करत नव्हतो.

सोमवारी सरांना सांगितलं. ते वैतागले.

“रिपोर्ट छापायला निघालाय आणि तू पद्धत बदलतेस?”

“सर, थर्मामीटर एकच ताप प्रत्येक घरात वेगळा दाखवत असेल तर?”

त्यांनी छपाईवाल्याला फोन करून थांबायला सांगितलं. “सरी, कर तुझ्या मनासारखं. पण क्लाराला तू सांग.”

क्लारा म्हणजे त्या ट्रस्टची अधिकारी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे विचारलं, “एक देश नापास होतोय म्हणून तुम्ही आकडे बदलताय का?”

प्रश्न रास्त होता. तिच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं.

“एका देशासाठी नाही,” मी म्हटलं. “यादीतल्या सगळ्या देशांत लोकांना परत फोन करून ती गोष्ट ऐकवू. हिशेब कसा करायचा तो नियम आजच लिहून तुमच्याकडे पाठवते, एकही उत्तर यायच्या आधी. निकाल काहीही येवो, तोच छापू.”

“आणि तो देश आणखी खाली गेला तर?”

“तर खाली.”

क्लारा तयार झाली. जोसेफना हे कळवलं. त्यांनी त्या नर्सेसचे वर्ग पाहिले होते. “मॅडम, तुम्ही फार मोठी पैज लावलीत,” ते म्हणाले. ते आठवडे मलाही जड गेले. रोज सकाळी चहाच्याही आधी मेल उघडायचे.

निकाल आला तेव्हा मी तो तीनदा तपासला. मग सरांना बोलावलं.

समुद्रकाठचा देश परत मध्यावर आला होता, रेषेच्या बराच वर. तिथले लोक आता गोष्टीतल्या ऑफिसलाही फार कमी गुण देत होते. त्यांची अपेक्षा वाढली होती, कारभार बिघडला नव्हता. जोसेफना वाटत होतं तसा तो सुधारल्याचंही मात्र दिसलं नाही. त्यांना ते थोडं लागलं. “माझी बहीण नशीबवान निघाली म्हणायची,” ते म्हणाले आणि मोकळेपणाने हसले.

वरच्या टोकालाही उलथापालथ झाली. नेहमी पहिल्या काहींत असणारा एक देश बराच खाली आला. तिथले लोक कशालाही भरभरून गुण देत होते. त्यांच्या वकिलातीतून रागाचं पत्र आलं. सरांनी उत्तरादाखल आमचा नियम आणि तो आधीच पाठवल्याचा मेल जोडून दिला. पुढे काही आलं नाही.

यादीत शेजारशेजारच्या देशांतले फरक इतके बारीक निघाले, की पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर लावणं आम्ही सोडलं. आता देशांचे गट छापतो. साहजिकच वर्तमानपत्रांचा रस आटला. क्लाराने नर्सेसच्या नव्या वर्गाचा फोटो पाठवला तो मी डेस्कवर लावलाय. सर येताजाता बघतात. पुढच्या सर्वेच्या बजेटमध्ये काल्पनिक गोष्टींचा खर्च त्यांनी न मागता मंजूर केला.

माझ्या हाताखाली नवं कुणी आलं की पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवते: लोक खूश आहेत का आणि काम नीट होतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही एकात विचारले तर उत्तर नक्की मिळतं, फक्त ते कशाचं आहे ते कळत नाही.