खांदा कॉलनीतलं पृथ्वीचं केंद्र

डस्टर कितीही झटकला तरी पुन्हा आपटला की धूळ निघतेच. आमच्या क्लासच्या किश्श्यांचं तसंच आहे. सगळे सांगून झाले असं वाटावं, तर चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतं, "आणि ती त्रिज्या?" मग सुरुवात मलाच करावी लागते, कारण पृथ्वीची त्रिज्या आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या नावावर आहे.

स्टाफरूम म्हणजे तीन खुर्च्या आणि एक पंखा. खांदा कॉलनीत, मेडिकलच्या वर. क्लासचे मालक म्हात्रे सर, फिजिक्सला देव सर आणि भूगोलाला मी.

*

इंटरव्ह्यूपासूनच सांगते. एम.ए. झालं होतं, पण चार माणसांसमोर उभं राहिलं की माझे पाय लटपटायचे. कॉलेजच्या सेमिनारला तर मी अर्ध्यातच खाली बसले होते. चाळीस मुलांना ही काय शिकवणार, असं घरी सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

म्हात्रे सरांनी विचारलं, "पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंत अंतर किती?"

नेमका तेव्हाच त्यांचा मोबाइल वाजला, फुल व्हॉल्युमवर! मी खुर्चीतून ताडकन उठले आणि ओरडले, "सहा हजार तीनशे एकाहत्तर किलोमीटर! सॉरी!"

सरांनी शांतपणे फोन कट केला. "सॉरी कशाला? पृथ्वी काय तुम्ही बनवलीत?"

मला तीन महिने ट्रायलवर घेतलं. "शेवटी एक दिवस मी तुमच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसेन," सर म्हणाले. "ठेवायचं की नाही ते त्या दिवशी ठरवू."

त्या दिवसापासून मी झोपेतसुद्धा मागचा बाक बघत होते.

*

पहिल्याच आठवड्यात तेजसने हात वर केला. हा मुलगा हात वर करायचा आणि माझ्या हातातला खडू पडायचा.

"मॅडम, काल देव सरांनी त्रिज्या सहा हजार चारशे सांगितली. तुम्ही आज सहा हजार तीनशे एकाहत्तर सांगताय. एका रात्रीत एकोणतीस किलोमीटर गेले कुठे?"

मी थेट देव सरांकडे गेले. ते पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "गणिताला सोपं पडतं हो. पृथ्वीला काय फरक पडतोय?"

"सर, एकोणतीस किलोमीटर म्हणजे जवळजवळ पनवेल ते उरण!"

"मग?"

"मधली गावं कुठे जातील?"

आता मात्र देव सरांनी मान वर केली. "मॅडम, तुम्ही जेवलात का?"

*

माझ्या वर्गातल्या श्वेताचे वडील, घरत काका, पांढऱ्या कपड्यांत थेट वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. खडू पडला, हे सांगायला नकोच.

"मॅडम, पोरगी घरभर घोकतेय, जमिनीखाली सहा हजार तीनशे एकाहत्तर किलोमीटर हाय. आमच्या बोअरला तीनशे फुटावर पानी नाय. बोअरवाला विचारतंय, अजून जाऊ का? तुमी सांगा."

मी चाचरत म्हटलं, "काका, माणसाने आजवर खणलेलं सगळ्यात खोल भोकसुद्धा बारा किलोमीटरच्या आसपासच आहे."

काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "तितं तरी लागला का पानी?"

*

बंद वर्गात मला धड बोलता यायचं नाही. म्हणून मी एक युक्ती काढली. एक पाऊल म्हणजे दहा किलोमीटर. बिल्डिंगच्या गेटपासून मोजत चालायचं. सहाशे सदतिसाव्या पावलाला पृथ्वीचं केंद्र!

रस्त्यावर मला बोलता यायचं, कारण मुलं माझ्याकडे बघत नसत, पावलांकडे बघत. कवच तर वॉचमनच्या खुर्चीपाशीच संपलं. दोनशे नव्वदला, पिठाच्या गिरणीसमोर, प्रावरण संपायचं. शेवटी मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर, विजेचा खांब ओलांडला की केंद्र. तिथे मासळीची पाटी घेऊन कमळामावशी बसायची. उरणजवळच्या करंजा गावची कोळीण. आम्ही चाळीस जण ओरडत तिच्यासमोर जाऊन थांबलो, तेव्हा तिला वाटलं मोर्चा आला.

"काय गो, काय झाला?"

"मावशी, तुम्ही पृथ्वीच्या केंद्रावर बसलाय!" तेजस म्हणाला.

मावशीने बूड थोडं उचलून खाली बघितलं. "वीस वर्सा बसतेय. कुनी बोलला नाय!"

*

देव सरांना हे कळल्यावर एका बुधवारी तेही आले. त्यांच्या सहा हजार चारशेच्या हिशेबाने केंद्र आणखी तीन पावलं पुढे. ते मोजत निघाले. सहाशे अडतीस, एकोणचाळीस...

"ओ मास्तर!" मावशी ओरडली. "पुढं गटार हाय!"

देव सर एक पाय उचलून थबकले. मग वळून मला म्हणाले, "एकाहत्तर बरोबर आहे, मॅडम."

*

प्रत्येक बॅचबरोबर फेऱ्या होऊ लागल्या. एकदा गुरुवारी गेलो तर कोपरा रिकामा. गुरुवारी इथे निम्मं गिऱ्हाईक मासळी खात नाही, म्हणून मावशी येत नाही. मुलं त्या मोकळ्या जागेकडे बघत उभी राहिली. शेवटी श्वेता म्हणाली, "मॅडम, आज बंद आहे."

*

आणि मग तो बुधवार आला. माझे तीन महिने संपत होते. म्हात्रे सर मागच्या बाकावर बसायला आले, तर मुलांनी त्यांना रस्त्यावर काढलं. सर खिशात हात घालून सगळ्यांच्या मागून चालत होते. मी मोजत होते, मुलं माझ्या मागून म्हणत होती. कवच, प्रावरण, बाह्य गाभा. आवाज छान लागला होता. मलाच नवल वाटत होतं.

सहाशे तीस. मी खांबापाशी पोचले आणि अगदी कानाशी टेम्पोचा प्रेशर हॉर्न!

मी किंचाळले. वही गटाराच्या कडेला जाऊन पडली. आकडा डोक्यातून साफ गेला. मुलांकडे बघितलं, तर ती माझ्याकडे बघत होती. सर्वात मागे सर. आता खाली बसले की संपलं, एवढंच मला कळत होतं.

"अगो पोरी!" समोरून मावशीचा आवाज आला. "त्या खांबापासनं सात पावला हायेत. ये तू!"

मी खांबालाच धरून उभी.

"काय गो भितेस? रोज तर येतेस. ये. एक..."

मी पाऊल टाकलं. मावशी मोजत होती. तिसऱ्या पावलाला तेजस म्हणायला लागला, पाचव्याला सगळी पोरं. सातव्याला मी तिच्या पाटीसमोर उभी होते. पाटीत बोंबील होते. तिथून पुढचं मी न अडखळता सांगितलं: इथे किती उष्णता, किती दाब, आणि इथून कुठल्याही बाजूला गेलं तरी ती दिशा वरचीच कशी. माझं बोलणं संपेपर्यंत मावशी माशा हाकलायची थांबली होती.

सर गर्दीतून पुढे आले. त्यांनी माझी वही उचलून झटकली आणि माझ्या हातात दिली.

"मॅडम, नववीचा भूगोलही आता तुम्हीच घ्या," ते म्हणाले. "उद्या त्यांनाही इथे आणा."

मी काही बोलायच्या आत मावशीने मासे कापायचा कोयता खाली ठेवला.

"उद्या नको, मास्तर. उद्या गुरवार. उद्या पृथ्वीला केंद्र नाय!"