मोबाईल म्हणतो, हे घरातच आहेत

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली बाई नाही. तिठ्यावर उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर त्याचं सरबत करीन, अशातली मी. इथले तुमचे अनुभव वाचून हसलेलीसुद्धा आहे... माफ करा. पण गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते कुणापाशी बोलावं कळेना, म्हणून लिहिते.

आम्ही पडेगावला राहतो. घरात दोघंच, मी आणि आमचे हे. हे जन्मभर बसवर कंडक्टर, त्यातली बरीच वर्षं अजिंठ्याच्या रोडवर. आता विसरायला लागलेत. आधी चष्मा विसरले, मग गल्ली. मग एक दिवस मलाच म्हणाले, "ताई, तुम्हाला कुठं उतरायचंय?"

नजर चुकली की निघून जायचे. माणसाला कोंडून तरी किती ठेवणार? मग मी व्हिडिओ बघून बघून ब्लूटूथ मेश शिकले. औरंगपुऱ्यात त्याची बोर्डं घ्यायला गेले तर दुकानदार म्हणतो, "आजी, नातवाला पाठवा, त्याला कळंल." म्हटलं, "नातू होईल तवा पाठवीन, तवर मला दे!"

काडेपेटीएवढी ती बोर्डं. एक स्वयंपाकघरात, एक ओसरीवर, एक फाटकाला आणि एक कोपऱ्यावर सलीमभाईंच्या किराणा दुकानात. सलीमभाई म्हणाले, "काकी, माझ्यावर जासूस लावताय का?" पण लावू दिलं. ह्यांच्या अंगावर एक बारका ट्रान्समीटर. जे बोर्ड जवळ असेल त्याला तो ऐकू येतो. ते बोर्ड शेजारच्याला सांगतं, ते पुढच्याला... हळदीकुंकवाचं आवतन घरोघर जातं ना, तसं. शेवटी माझ्या मोबाईलवर नाव उमटतं, "दुकान" नाहीतर "ओसरी".

आता तो ट्रान्समीटर ह्यांनी अंगावर ठेवावा कसा? गळ्यात घातला, तोडला. खिशात शिवला, उसवला. मग त्यांचा कंडक्टरचा जुना बिल्ला पेटीतून काढला आणि त्याच्या पाठीमागं बसवला. बिल्ला म्हटल्यावर हे खूश! सकाळी अंघोळ झाली की आधी बिल्ला छातीवर.

त्या दुपारी मी कपडे वाळत घालून आले तर ओसरी रिकामी. मोबाईल बघितला... "स्वयंपाकघर". बरं झालं म्हणत आत गेले. कुणी नाही. देवघर, मोरी, पलंगाखाली सुद्धा बघितलं. कुणी नाही. फाटकाकडं पळाले तर मोबाईलवर "फाटक". गल्लीत दूरवर चिटपाखरू नाही. ओसरीवर आले... "ओसरी". मी जाईन तिथलं नाव. बोर्डं बंद करून चालू केली, तरी तेच. आणि ट्रान्समीटर एकच होता हो, दुसरा मी बनवलाच नव्हता.

दुकानात फोन लावला तसे सलीमभाई मोटरसायकल घेऊन आले. "काकी, बसा मागं. स्टँडवर बघू."

"पण हे तर घरातच दाखवतंय..."

"मशीनला मारा गोली! डोळ्याला दिसतात का काका?"

"नाय दिसत."

"मग?"

मग काय? माझा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. हे घरात असले आणि मी निघून गेले तर? नसले आणि मी बसून राहिले तर? सलीमभाई एकटेच गेले. मी रिकाम्या खोल्यांमधून "अहो... अहो..." करत फिरत राहिले. नवराबायकोच्या एवढ्या वर्षांत मी इतक्या हाका मारल्या नसतील.

फोन आला तो फर्दापूरहून, एका चहावाल्याचा. ह्यांच्या कॉलरच्या आतून मी नंबर लिहिलेला आहे. "मावशी, एक बाबा बसमधून उतरलेत. बिल्ला लावलाय, परतीची गाडी कधी विचारतायत." बिल्ला बघून कुणी त्यांना हटकलंच नव्हतं. आपलाच जुना माणूस म्हणून पुढच्या सीटवर बसवलं होतं.

सलीमभाईंनी ओळखीच्याची गाडी आणली, आम्ही निघालो. फाटकातून बाहेर पडेपर्यंत मोबाईल "फाटक"च म्हणत होता. ब्लूटूथ ते, गल्लीच्या टोकाला जाता जाता दमतं. आणि फर्दापूर तर अजिंठ्याच्या लेण्यांपाशी!

हे बाकड्यावर बसलेले, बिल्ला छातीवर, त्याच्या मागून ट्रान्समीटरचा दिवा लुकलुकतोय. मी रडायलाच लागले.

येताना गाडीत हे माझ्यावरच चिडले. "आता कशाला रडतीस? मघाशी फ्रीजला डोकं टेकून रडत होतीस, खंडोबाला भंडारा बोलत होतीस. मी म्हणत होतो, अगं इथंच आहे मी. खांद्यावर हात ठेवला तर झटकून टाकलास."

सलीमभाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. फ्रीजला डोकं टेकलं होतं मी. खंडोबाला भंडारा बोलले होते. घरात एकटी होते. आणि तेव्हा पदर घसरला असं वाटून मी खांदा उडवला होता... एवढं पक्कं आठवतंय.

दुसऱ्या दिवशी ह्यांना विचारलं तर म्हणाले, "कोण फर्दापूर?"

बोर्डवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. जुना निरोप अडकला असेल, म्हणाले. असेलही. पण अडकलेला निरोप माझ्यामागं खोल्याखोल्यांतून फिरेल का?

बोर्डं अजून चालू आहेत, काढवत नाहीत. पण आता वेगळंच होतंय. हे माझ्यासमोर बसून भाकरी खात असतात, बिल्ला छातीवर असतो, दिवा लुकलुकत असतो... आणि मोबाईलवर कुठलंच नाव येत नाही. सेल बदलले, ट्रान्समीटरही नवा बसवला. मधेच तासन् तास कोरं. तेवढा वेळ मी त्यांचा हात धरून बसते. दुसरं काय करू, तुम्हीच सांगा.