कर्नलसाहेबांचा पहारा

ऑफिसात त्यांना कर्नलसाहेब म्हणत. फौजेशी त्यांचा संबंध म्हणाल, तर शाळेत कवायतीच्या तासाला त्यांचं नेमकं पोट दुखायचं, एवढाच. कॉम्प्युटरच्या अगदी आत बसून सगळा कारभार हाकणारा जो भाग असतो, त्याला कर्नल म्हणतात, आणि या गृहस्थांच्या तोंडी वीस वर्षं दुसरं नाव नव्हतं. "कर्नलला विचारा", "कर्नल काय म्हणतो बघा", आणि वाद हरायची वेळ आली की, "माणसं खोटं बोलतात, कर्नल बोलत नाही."

कंपनीसाठी त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता, पहारेकरी नावाचा. कुठल्याही फाइलीत बदल झाला, की कर्नल सूचना देतो. ती आली, की पहारेकऱ्याने त्या फाइलीची प्रत काढून दुसऱ्या मशीनवर जपून ठेवायची. ऐकायला सोपं आहे. पण कर्नल पडला मितभाषी. काहीतरी बदललं एवढं तो सांगतो, आणि ती नेमकी कुठली फाइल, हे आपलं आपण शोधायचं. नावावरून शोधावं तर लोक दिवसातून चारदा नावं बदलतात. "अंतिम"ची "अंतिम खरी" होते, "अंतिम खरी"ची "हीच घ्या" होते, आणि पहारेकरी जाऊन बघेपर्यंत त्या नावावर भलतीच फाइल बसलेली असते.

म्हणून साहेबांनी नावाचा नाद सोडून नंबर धरला. डिस्कवर प्रत्येक फाइलीला एक नंबर असतो आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. पण फाइल पुसली, की तोच नंबर नव्या फाइलीला मिळतो, लॉजमधल्या खोलीसारखा. एकदा अशाच घोटाळ्यात एका बड्या गिऱ्हाइकाच्या कराराच्या जुन्या प्रतींमध्ये संडास-सफाईचा तक्ता जाऊन बसला. मॅनेजरने तो भर मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला. सगळे पोट धरून हसले आणि साहेबांना चार दिवस जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. ज्या फाइलीवर पहारा, ती उघडून धरूनच ठेवायची. जोवर कुणी फाइल धरून आहे, तोवर ती पुसली तरी तिचा नंबर कर्नल दुसऱ्याला देत नाही. "एकदा हात धरला, की चुकामूक नाही!" हे साहेबांनी मीटिंगमध्ये चाळीस मिनिटं सांगितलं. दोन माणसांना डुलकी लागली, ती त्यांनी संमती धरली.

कोपऱ्यातल्या टेस्टरबाईंनी, म्हणजे प्रोग्राम वापरून त्यातल्या चुका शोधणाऱ्या बाईंनी, तेवढा हात वर केला. "सर, काही प्रोग्राम सेव्ह करताना जुन्या फाइलीत लिहीतच नाहीत. शेजारी नवी फाइल करतात आणि शेवटी जुनीचं नाव तिला देऊन टाकतात. मग आपण हात कुणाचा धरलेला असेल?"

"बाई, तुम्ही बटणं दाबून बघा. कर्नलशी मी बोलतो."

बाईंनी रीतसर तक्रार नोंदवली. साहेबांनी "काल्पनिक" असा शेरा मारून ती बंद केली. ऑफिसातले प्रोग्राम जुन्या फाइलीतच लिहिणारे होते, त्यामुळे तिथे काही बिघडलं नाही. उंटावरच्या शहाण्याला उंट चांगला मिळाला, की त्याला कोण खाली उतरवणार?

साहेबांना एक मोठी बहीण होती. चौतीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स म्हणून राबून ताई निवृत्त झाल्या आणि लगोलग डोळ्यांनी दगा दिला. नजर मधोमधच विझत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वर्षभर जेमतेम वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही. ताईंनी रडारड केली नाही. त्या म्हणाल्या, तेवढ्यात मी पुस्तक लिहिते. किती बायांना धीर दिला, किती मुलं हातात रडली, किती रडलीच नाहीत, ते सगळं. त्यांनी मोठी अक्षरं दाखवणारा लेखनाचा प्रोग्राम आणला आणि भावाला बोलावलं.

साहेब आले. ताईंनी त्यांच्यासमोर पहिलं पान लिहिलं, साहेबांनी ते न वाचताच पहारेकरी सुरू करून त्याची पहिली प्रत काढली आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "आता आभाळ कोसळलं तरी तुझं एक अक्षर जायचं नाही."

तेव्हापासून रोज सकाळी साहेबांच्या फोनवर पहारेकऱ्याचा निरोप यायचा. फाइल एक, बदल शून्य, सर्व सुरक्षित.

ताई दर रविवारी फोन करायच्या. "अरे, साठ पानं झाली." "शंभर झाली, बरं का." साहेब "वा वा" म्हणायचे आणि फोन ठेवून बायकोला डोळा मारायचे. "शंभर पानं म्हणे! चार महिन्यांत एका कान्यामात्रेचा बदल नाही. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय!"

बायको म्हणाली, "अहो, ताई कशाला खोटं बोलतील? एकदा जाऊन बघा तरी."

"कशाला बघायचं? कर्नल सांगतोय ना!"

एका मंगळवारी दुपारी ताईंच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. ताईंनी मुळीच न घाबरता भावाला फोन लावला. "दोनशे अकरा पानं होती बघ. शेवटचं प्रकरण राहिलंय. तुझ्याकडे आहेच ना सगळं?"

साहेबांना बहिणीची मनापासून दया आली. ऑफिसातून निघून ते थेट तिच्या घरी गेले, शेजारी बसले आणि मऊ आवाजात म्हणाले, "ताई, माझ्यापाशी कशाला लाजतेस? नाही झालं लिहून तर नाही झालं. या वयात होतं असं. तू एकच पान लिहिलं होतंस."

ताईंनी टेबल चाचपून भिंगाखालचा एक कागद उचलला आणि पुढे केला. शेवटी लिहिलेलं तेवढं एकच पान तपासायला म्हणून छापलेलं होतं. बोटाएवढी अक्षरं, आणि खाली आकडा, दोनशे अकरा.

साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. एका रात्रीत तीन बाळंतपणं झाल्याची हकिगत होती. टेस्टरबाईंचा हात डोळ्यांसमोर वर झाला. पहिल्याच दिवशी, साहेबांची पाठ वळताच, ताईंनी दुसरं पान सेव्ह केलं होतं. लेखनाच्या प्रोग्रामने नवी फाइल केली, तिला जुनीचं नाव दिलं आणि जुनी टाकून दिली. ती टाकलेली फाइल पहारेकरी आठ महिने हाताला धरून बसला होता. मेलेल्या फाइलीत कसला बदल होणार? कर्नल खरंच खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.

साहेबांनी हे सगळं ताईंना समजावलं. पंधरा मिनिटं लागली. पहिली दहा मिनिटं ते कर्नलबद्दलच बोलत होते.

ताई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "आमच्याकडे बाळाच्या मनगटाला पट्टी बांधतात, आईच्या पण. नंबर असतो, नाव असतं. तरी दर वेळी बाळ आईकडे देताना दोन्ही पट्ट्या वाचायच्या, मोठ्यांदा. दिवसातून आठ वेळा दिलं तर आठ वेळा. चौतीस वर्षांत मी एकदाही सोडलं नाही. तू आठ महिन्यांत एकदा बघायला नाही आलास?"

साहेबांनी हातातलं पान हलकेच टेबलावर परत ठेवलं.

"आणि मी खोटं बोलतेय, असं वाटलं तुला?" ताईंनी विचारलं. पानांपेक्षा हेच त्यांना जास्त लागलं होतं.

आता साहेब रोज संध्याकाळी बहिणीकडे जातात. ताईंना ते एकुलतं छापील पानही आता भिंगाखाली दिसत नाही. त्या आठवून सांगतात आणि साहेब टाइप करतात. मूळच्या दोनशे अकरा पानांतली किती परत येतील, हे कोणीच सांगू शकत नाही. काही बायांची नावं ताईंना आठवत नाहीत, तिथे साहेब रिकामी जागा सोडतात.

पहिल्या संध्याकाळी साहेबांनी पहारेकऱ्याने दुसऱ्या मशीनवर जपलेली ती एकमेव प्रत उघडली होती. पुस्तकाचं नाव होतं आणि त्याखाली दोन ओळी. "माझ्या धाकट्या भावास. त्याने हे सारे जपले म्हणून."

"ताई," साहेब म्हणाले, "या ओळी काढतो."

"काही काढू नकोस," ताई म्हणाल्या. "तेवढ्याच तर सांभाळल्यास."